इच्छुक महिलांचा प्रशिक्षण वर्ग, ठाणे: पैसे वसूल, पण दुसरा दिवस कच्चा

महापालिका निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या आणि नव्याने निवडून आलेल्या महिलांसाठी ठाणे स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका सभागृहात दोन दिवसांचा वर्ग भरतो. शुल्क बाराशे रुपये, त्यात जेवण आणि छापील फाइल. ठाण्यात ३३ प्रभागांतून १३१ नगरसेवक निवडले जातात, त्यात ६६ जागा महिलांच्या. नवी मुंबईत २८ प्रभाग, १११ जागा, महिलांच्या ५६. एवढ्या उमेदवार उभ्या करायच्या तर पक्षांची शिबिरं होतातच, पण त्यात नेत्यांची भाषणं आणि सत्कार यांतच दुपार सरते. इथे सत्कार नाही. सकाळी साडेनऊला फाइल उघडायला लावतात.

पहिल्या दिवसाचं पहिलं सत्र जात पडताळणीचं, आणि नुसत्या या सत्रासाठीही शुल्क भरायला हरकत नाही. राखीव जागेवर उभी राहणारी बाई इथेच सर्वाधिक अडकते, कारण तिची जात माहेरची धरली जाते, नवऱ्याची नाही. म्हणजे पुरावे वडील, आजोबा, चुलते यांचे हवेत आणि तेही मानीव दिनांकापूर्वीचे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. सासर कळव्यात आणि माहेर साताऱ्याकडे असेल तर दाखला तिकडच्या प्रांत कार्यालयातून काढायचा आणि पडताळणीही तिकडच्याच जिल्हा समितीकडे. ठाण्यात रांग लावून उपयोग नाही. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, तो नसेल तर गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, शिवाय वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, हा क्रम फाइलमध्ये नीट दिलाय. दाखल्यावर माहेरचं नाव आणि मतदार यादीत सासरचं, ही तफावत विवाह नोंदणी प्रमाणपत्राने किंवा राजपत्राने कशी जोडायची तेही सांगतात. दुसऱ्या राज्यातून लग्न होऊन आलेल्या महिलांना तिथल्या जातीवर इथली राखीव जागा मिळत नाही. हे मात्र शिकवणाऱ्या बाई ओझरतं बोलून गेल्या. दिवा-मुंब्र्यापासून ऐरोलीपर्यंत अशी किती घरं आहेत याचा विचार केला तर त्यावर वेळ द्यायला हवा होता.

उमेदवारी अर्जाचं सत्र आटोपशीर आहे. उमेदवाराचं नाव महापालिका हद्दीतल्या कुठल्याही प्रभागाच्या यादीत चालतं, पण सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागाचे लागतात. ऐनवेळी शेजारच्या सोसायटीतल्या मावशींची सही घेतली आणि त्यांचं नाव पलीकडच्या प्रभागात निघालं, की अर्ज गेला. म्हणून दोन-तीन अर्ज वेगवेगळ्या सूचकांनिशी भरून ठेवा, हा सल्ला पटण्यासारखा. महिलांना अनामत निम्मी, ५,००० ऐवजी २,५००. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या तिसऱ्या अपत्याचा नियम, शौचालय वापराचं स्वयंप्रमाणपत्र, मालमत्ता कराची थकबाकी, महापालिकेच्या ठेक्यातला हितसंबंध, सगळं एका पानावर. खर्चासाठी वेगळं बँक खातं बाईच्या एकटीच्या नावाने उघडायला सांगतात आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर अपात्रता येते हे दोनदा बजावतात. बरोबर करतात. हरलेल्या उमेदवारांना हिशेब द्यायचा असतो हेच पुष्कळ जणींच्या गावी नसतं.

मतदान यंत्राचं प्रात्यक्षिक सरस. चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा, आणि चारही मतं दिल्याशिवाय बझर वाजत नाही. पुठ्ठ्याचं यंत्र फिरवून हे समजावतात, प्रचारात घरोघर सांगायला सोपं जातं.

दुसरा दिवस महापालिका सभेतल्या कामकाजाचा, आणि तिथे वर्ग ढेपाळतो. पहिला तासभर घटनादुरुस्त्यांचा इतिहास: ७४वी, मग २०११ मध्ये राज्यात ५० टक्के झालेलं आरक्षण. पाहिजे त्या माहितीसाठी दहा मिनिटं पुरली असती. त्यामुळे महापालिका अधिनियमाच्या कलम ४४ खालचा प्रश्न सभेत कसा विचारायचा, हा खरा धडा उरकला गेला. सात पूर्ण दिवस आधी लेखी सूचना सचिवांकडे द्यायची, एवढं कळतं. पण प्रश्नाचा मसुदा? फाइलमधला नमुना आहे ‘आमच्या प्रभागातील रस्ते कधी होणार?’ याला ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर ठरलेलं. कामाचं नाव, कार्यादेशाची तारीख, मुदत, आजवर अदा केलेलं देयक आणि मुदतवाढीचं कारण असं सुटं सुटं विचारलं की प्रशासनाला आकडे द्यावे लागतात. निविदेविना कामं येतात त्या ५(२)(२) खालच्या (अधिनियमाच्या अनुसूचीतलं प्रकरण ५, नियम २(२)) प्रस्तावांत काय वाचायचं, आयुक्त तातडी म्हणून कलम ६७(३)(क) वापरतात तेव्हा ते कारण खरं आहे का हे कसं पाहायचं, यावर एक शब्द नाही. महिला व बालकल्याणाच्या ५ टक्के निधीवर शिलाई यंत्रांपलीकडे काय मागता येतं तेही राहिलं. स्थायी समितीच्या १६ जागांसाठी महिलांची नावं पुढे का येत नाहीत, हा प्रश्न एका सहभागी महिलेने विचारला तेव्हा ‘तो पक्षाचा विषय’ म्हणून पुढे गेले.

नवऱ्यांना वर्गात प्रवेश नाही, ही अट उत्तम आणि ती पाळलीही जाते. ते खाली चहाच्या टपरीवर थांबतात. पण नवरा-दीर कारभार चालवतो त्याचं करायचं काय, हे गुळमुळीत उरकलं. सांगायला हवं होतं ते साधं आहे: लेटरहेड आणि शिक्का आपल्या पर्समध्ये, सचिव कार्यालयात नोंदवलेला मोबाइल नंबर स्वतःचा, विषयपत्रिका घरपोच आली की पहिल्यांदा आपण फोडायची, आणि प्रभाग समितीच्या बैठकीला आणि पाहणी दौऱ्याला एकटीने जायचं.

इच्छुक असाल तर डोळे झाकून जा, निवडून आला असाल तर पहिला दिवस टाळून चालेल, अर्थात अर्ध्या शुल्काची सोय नाही. नवी मुंबईहून येणाऱ्यांनी रविवारी ट्रान्सहार्बर लोकलचा मेगाब्लॉक बघून निघावं. फाइलमधलं खर्चमर्यादेचं पान जुनं आहे, ते खोडून ठाण्यासाठी १३ लाख आणि नवी मुंबईसाठी ११ लाख असं लिहून घ्या.