हाफ डॉलर: बॉक्स मागवावा की काउंटरवर विचारावं?

अमेरिकेत राहून नाणी जमवणाऱ्यांना हा छंद भांडवल न गमावता करता येतो. बँकेतून हाफ डॉलर, म्हणजे ५० सेंटची नाणी, दर्शनी किमतीला घ्यायचे, चांदीचे वेचायचे, उरलेले परत भरायचे. जातो तो वेळ आणि पेट्रोल.

बॉक्स म्हणजे ५०० डॉलर: ५० रोल, प्रत्येकात २० नाणी. खातं असलेल्या शाखेत आधी सांगून ठेवावं लागतं. हजार नाणी एका बैठकीत चाळायला मिळतात, हे त्याचं आकर्षण. पण ती बहुतेक दुसऱ्या कुणीतरी चाळून परत भरलेली असतात. काही जण आपण पाहिलेल्या नाण्यावर मार्करचा ठिपका ठेवतात. असे ठिपके दिसू लागले की समजावं, आपल्या आधी कुणीतरी हात मारून गेलंय. २००२ ते २०२० या काळात टांकसाळ हे नाणं फक्त संग्राहकांसाठी पाडत होती, २०२१ पासून पुन्हा चलनासाठी पाडू लागली. त्यामुळे अख्खा बॉक्स एकाच सालाच्या कोऱ्या नाण्यांचा निघू शकतो, आणि मग संध्याकाळ वाया.

काउंटरवर बहुतेकदा ‘नाहीत’ असंच उत्तर मिळतं. पण टेलरच्या (काउंटरवरच्या रोखपालाच्या) ड्रॉवरमध्ये एखादा हाताने गुंडाळलेला रोल असला, तर तो सोडू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी डब्यात साठवलेली नाणी नातेवाईक न बघताच बँकेत भरतात, ती अशाच रोलमधून येतात. माझा कौल काउंटरलाच.

पाहायचं कसं? नाणी एकावर एक रचून कडा बघा. तांब्याची ठळक पट्टी दिसली तर १९७१ किंवा नंतरचं. कड पूर्ण पांढरी असेल तर बहुधा १९६४ किंवा आधीचं: वजन १२.५ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. फसवतं ते १९६५ ते १९७० मधलं. त्यात चांदी ४० टक्केच, म्हणजे ४.६ ग्रॅम, कड मळकट राखाडी, कधी तांबूस झाक असलेली. तिथे साल वाचण्याला पर्याय नाही. १९७० चं ‘डी’ चिन्हाचं (डेन्व्हर टांकसाळीचं) नाणं तर फक्त संग्राहकांसाठीच्या संचांतूनच विकलं गेलं होतं, ते चलनात सापडलं तर चांदीपेक्षा जास्त मोलाचं. १९८७ चं नाणंही संचांतलंच, पण त्यात चांदी नाही.

महिन्याकाठी ५०० डॉलर अडकवून ठेवता येत असतील, तरच बॉक्सकडे वळा. नुसती चांदीच हवी असेल तर सरळ नाणे-विक्रेत्याकडून बाजारभावाने घ्या. शोधण्याची मजा नसेल तर एवढी उठाठेव परवडत नाही.

बॉक्स घेणाऱ्याला दुसरी बँक लागतेच. घेतलेली नाणी त्याच टेलरसमोर पुन्हा ओतली, की पुढच्या वेळी तो कपाळाला आठ्या घालतो. म्हणून ऑर्डर देण्याआधीच त्या दुसऱ्या बँकेत विचारून घ्या: सुटी नाणी घेतात का, की रोल करून आणायला सांगतात, आणि मोजण्याचे पैसे कापतात का.