प्रभादेवीचा सिद्धिविनायक : अडचणीच्या दिवसांतील दर्शन

आईच्या शस्त्रक्रियेसाठी परळमध्ये मुक्काम असताना सलग नऊ दिवस मी प्रभादेवीच्या श्रीसिद्धिविनायक मंदिरात जात होतो आणि तिथली दर्शनव्यवस्था मनाला मोठा आधार देऊन गेली. मुखदर्शनाची रांग वेगळी असल्यामुळे रुग्णालयातील भेटीची वेळ गाठायची असतानाही माझे दर्शन एकदाही चुकले नाही. मंगळवारी मात्र पहाटेपासूनच गर्दी असते, तेव्हा हाताशी मोकळा वेळ ठेवूनच जावे. बाहेरच्या एका फुलवाल्याने चपला ठेवण्याच्या निमित्ताने महागडे पूजेचे ताट गळ्यात मारले, ते खटकले.

गाभाऱ्यातील काळ्या पाषाणाची मूर्ती सुमारे अडीच फूट उंच आणि उजव्या सोंडेची असून दोन्ही बाजूंना ऋद्धी-सिद्धी आहेत. १८०१ साली लक्ष्मण विठू यांनी बांधलेल्या या मंदिरासाठी पैसा देणाऱ्या देऊबाई पाटील स्वतः निपुत्रिक होत्या. इतर स्त्रियांना तरी संततिसुख लाभावे, अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. आपले दुःख सरलेले नसतानाही दुसऱ्यासाठी मागणे मागता येते, ही गोष्ट त्या रांगेत उभे असताना मला फार जवळची वाटली. पहिल्या दिवशी मी केवळ आईसाठी नवस बोललो होतो. चौथ्या दिवसापासून चांदीच्या उंदराच्या कानात शेजारच्या खाटेवरील आजींसाठीही सांगू लागलो. आई आता घरी आली आहे. आजींचे उपचार अजून चालू आहेत, म्हणून येत्या संकष्टीला मी पुन्हा जाणार आहे.