डीटीपी कोर्स : पत्रिका जमली, पुस्तक अडलं

पुण्याच्या मध्यवस्तीत, वाड्याच्या पहिल्या मजल्यावर हा डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायला शिकवणारा, क्लास आहे. नाव लिहीत नाही, सर माणूस म्हणून वाईट नाहीत. फी ९,००० रुपये, मुदत तीन महिने आणि दारावर पाटी : 'नोकरीची १०० टक्के हमी'.

पहिला महिना पेजमेकर ७ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येच गेला. ही आवृत्ती २००१ची, त्यानंतर अ‍ॅडोबीने नवी काढलीच नाही. विचारलं तर सर म्हणाले, "मॅडम, प्रेसवाल्यांच्या जुन्या फाइली यातच असतात." असतील. पण त्यापायी त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन शेवटच्या आठ दिवसांत उरकलं. कोरलड्रॉ मात्र झकास शिकवलं. पत्रिका, हँडबिल, व्हिजिटिंग कार्ड, सगळ्यावर हात बसला.

हमी म्हणजे दोन फोन नंबर निघाले. पहिल्याने मराठी टायपिंगचा स्पीड विचारला आणि "कळवतो" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने, नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्याने, दर पानामागे पैसे या हिशेबाने काम दिलं. लेखकाची फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर दिसते त्या मराठीत, मालकांचे फॉन्ट जुन्या श्रीलिपीचे, दोन्हींत अक्षरांचे कोड वेगळे. मी नुसता फॉन्ट बदलला, तर पानभर रांगोळी! कन्व्हर्टर असतो हे तिथे कळलं. त्यातूनही 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला र मोडलाच. शोधून शोधून हाताने नीट केला. मराठी मजकुराचं हे रोजचं दुखणं, क्लासमध्ये त्यावर अर्धा तासही नाही.

पुस्तक लागलं ९८ पानांचं. मी खूश. मशीनवरचे काका म्हणाले, "ताई, फर्मा, म्हणजे एकदम छापून घडी घालायचा मोठा कागद, सोळा पानी. सहा फर्म्यांत ९६ बसतात. वरच्या दोन पानांसाठी कागद कोण देणार?" ओळींमधलं अंतर अर्ध्या पॉइंटने कमी केलं, तेव्हा कुठे बसलं. फी भरण्याआधी सरांना फर्मा आणि युनिकोड एवढंच विचारा, उत्तरावरून कळेल.

कामाचं म्हणाल तर दिवाळी अंकांच्या दिवसांत रात्री नऊ वाजतात, नंतर शुकशुकाट. पत्रिका हल्ली लोक व्हॉट्सअ‍ॅपवरच धाडतात, त्यामुळे जे छान शिकले त्यालाच गिऱ्हाईक कमी.

सर्टिफिकेट अजून कुणी मागितलेलं नाही. लॅमिनेशन मात्र क्लासने फुकट करून दिलं.