अख्खं घर की बाजारातल्या खोल्या? डोंगरातल्या गावी मित्रांसोबत सुट्टीला जाताना

डोंगरातल्या एखाद्या गावी जाऊन निवांत राहायचं, यावर सगळ्यांचं पटकन एकमत होतं. राहायचं कुठे, इथे मात्र गाडी अडते. गावाबाहेर उतारावरचं एक अख्खं घर घ्यावं, की गावाच्या मध्यात हॉटेलच्या तीन-चार खोल्या? फोटो पाहिले की घराचंच पारडं जड होतं. पण गरम पाणी, चढ आणि खरकटी भांडी फोटोत येत नाहीत, आणि आराम मिळणार की नाही हे बरंचसं त्यांच्यावरच ठरतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सहा ते आठ जण असतील, किमान तीन रात्री राहायचं असेल आणि कामं वाटून घ्यायची तयारी असेल, तर घर घ्या. दोनच रात्री असतील, चौघंच असाल किंवा कुणाचे गुडघे कुरकुरत असतील, तर खोल्या घ्या. आता कारणं.

गरम पाणी

समजा, घरात 25 लिटरचा एकच गिझर आहे. नळाला येणारं पाणी 10 अंश सेल्सिअसचं आणि गिझर 60 अंशांवर लावलेला. त्या पाण्यात थंड पाणी मिसळून अंगाला सोसेल असं 40 अंशांचं पाणी केलं, तर ते साधारण 40 लिटर भरतं. जुन्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जातं. म्हणजे एका टाकीत दोघांच्या आंघोळी होतात, त्याही घाईघाईने. पुढची टाकी तापायला दोन किलोवॅटच्या गिझरला पाऊण तास लागतो. आठ जण असतील तर शेवटच्या दोघांची पाळी यायला सव्वादोन तास आणि वर आंघोळींचा वेळ. सकाळ तिथेच संपली.

म्हणून घरमालकाला ‘गरम पाणी आहे ना?’ असं विचारण्यात अर्थ नाही, उत्तर ‘हो’च येणार. गिझर किती, किती लिटरचे आणि एका वेळी किती चालवता येतात, हे विचारा. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दोन गिझर आणि दोन हीटर, प्रत्येकी दोन किलोवॅटचे, एकत्र लावले की 230 व्होल्टवर जवळपास 35 अँपिअरचा भार होतो. त्यात कुणी किटली लावली की 40 च्या पुढे. घराचा मुख्य एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका) 32 अँपिअरचा असेल तर तो लगेच पडत नाही, तापून काही वेळाने पडतो. त्यामुळे नेमकं कशाने वीज गेली ते कुणालाच कळत नाही आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या हीटरकडे बोट दाखवतो.

हॉटेलात बहुधा खोलीगणिक वेगळा गिझर असतो, म्हणजे पाळ्या लावण्याचा प्रश्न नाही. मध्यवर्ती बॉयलर असेल तर तो कधी चालू असतो ते विचारून घ्या. काही ठिकाणी तो सकाळी दोन-तीन तासच चालवतात, आणि उशिरा उठणाऱ्यांची पंचाईत होते.

चढ आणि उंची

‘बाजारापासून फक्त दीड किलोमीटर’ या ओळीवर डोंगरात विश्वास ठेवू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला एक साधा हिशोब आजही कामाला येतो: तासाला पाच किलोमीटर चाल, आणि दर 600 मीटर चढाईला वर एक तास. घर बाजारापेक्षा 150 मीटर उंच असेल तर चालायची 18 मिनिटं आणि चढाची 15, म्हणजे तेहतीस मिनिटं. हे तंदुरुस्त माणसाने न थांबता चालायचं गणित. हातात सामानाच्या पिशव्या असतील तर पाऊण तास धरा. 150 मीटर म्हणजे जवळजवळ पन्नास मजले.

दोन गोष्टी विचारा: गाडी थेट दारापर्यंत जाते का, आणि गाडी उभी राहते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती. दीडशे पायऱ्या पहिल्या दिवशी मजेच्या वाटतात. तिसऱ्या दिवशी विसरलेला चार्जर आणायला खाली कोण जाणार, यावरून चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

गाव 2500 मीटरच्या वर असेल तर उंचीचा त्रास होऊ शकतो, आणि त्यात तुम्ही झोपता किती उंचीवर याला फार महत्त्व आहे. दिवसा वर फिरून रात्री खाली झोपणं शरीराला सोपं जातं. गावापेक्षा तीनशे मीटर वरचं घर इथे उगाच अडचण करतं. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही लक्षणं पोहोचल्यावर सहा-बारा तासांत सुरू होतात. पहिल्या रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा, आणि त्रास वाढत असेल तर खाली उतरा.

ऊब

ओढ्याकाठचं घर रम्य दिसतं, पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खोलगट भागात साठते. उताराच्या मधल्या पट्ट्यातलं घर त्यापेक्षा उबदार असतं. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन जास्त वेळ टिकतं. बाजारातल्या खोल्यांना निदान शेजारच्या इमारतींचा आडोसा मिळतो.

घर घेणाऱ्यांसाठी एक सूचना टाळू नये अशी. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका, विझत आलेलीसुद्धा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. त्याची सुरुवातीची लक्षणं डोकेदुखी आणि मळमळ, म्हणजे नेमकी उंचीच्या त्रासासारखीच. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम तसं वाटलं तर उंचीला दोष देत बसू नका, सगळे आधी मोकळ्या हवेत या.

जेवण, म्हणजे खरं तर कामं

आठ जणांची तीन वेळची जेवणं म्हणजे रोज चोवीस ताटं, वर पातेली आणि कप वेगळेच. घरात आचारी किंवा मदतनीस नसेल तर हे काम कुणीतरी करणार, आणि प्रत्येक गटात ते ‘कुणीतरी’ ठरलेलेच दोघे असतात. बाकी सहा जणांचा आराम त्या दोघांच्या खात्यातून जातो. यावर उपाय निघण्यापूर्वीच करावा: एका जोडीकडे एक रात्रीचं जेवण, भांडीसुद्धा त्याच जोडीकडे, आणि सकाळचं ज्याचं त्याने. हे ठरवायला कुणी तयार नसेल तर घर घेऊच नका.

2000 मीटरवर पाणी साधारण 93 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात कडधान्यं शिजता शिजत नाहीत. घरात प्रेशर कुकर आहे का आणि त्याची रिंग धड आहे का, विचारा. गॅसच्या भरलेल्या सिलिंडरबद्दलही.

खोल्या घेतल्यात तर स्वयंपाक नाही, पण दिवसातून तीनदा आठ जणांचं ‘कुठे खायचं’ हे संमेलन भरतं. गर्दीचा हंगाम नसेल तर हॉटेलं लवकर बंद होतात.

गप्पा आणि झोप

इथे घर निर्विवाद सरस. बैठकीची एक मोठी खोली असली की ज्याला झोपायचं तो उठून जातो, बाकीचे बसतात. हॉटेलात मैफल कुणाच्या तरी पलंगावर जमते, आणि ज्याचा पलंग त्याची झोप गेली. घर घेताना बैठकीच्या खोलीला लागून किती शय्यागृहं आहेत तेवढं पाहा. पातळ लाकडी भिंती असतील तर हा सगळा फायदा गेला.

पैसे

घराचं भाडं ठरलेलं असतं. आठांपैकी दोघे गळाले की उरलेल्या सहांचा वाटा एक तृतीयांशाने वाढतो. हॉटेलात एक खोली कमी केली की बहुधा भागतं. म्हणून घर घेताना प्रत्येकाचा वाटा बुकिंगच्या आधी गोळा करा, आणि गळणाऱ्याने बदली माणूस द्यायचा की पैसे सोडायचे, तेही तेव्हाच ठरवा. सात जण असतील तर उलटं: दोघांच्या खोल्यांत सातवा एकटा उरतो आणि पूर्ण खोलीचे पैसे कुणी भरायचे यावर कुरबुर होते. घरात तो प्रश्नच येत नाही.

पोहोचणं

घरासाठी अंधाराच्या निदान दोन तास आधी पोहोचाल असं निघा. शेवटचा रस्ता अरुंद असतो, फाटा चुकला तर गाडी वळवायला जागा नसते, आणि डोंगराआड फोनची रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. खाली येताना सतत ब्रेकवर राहू नका, ते तापले की पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

दोन्ही पर्यायांत पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट लेखी घ्या: दरड कोसळून किंवा बर्फामुळे रस्ता बंद झाला तर पैसे परत मिळणार, की फक्त तारीख बदलून मिळणार. तारीख बदलून मिळणार असेल तर ती किती महिन्यांच्या आत वापरायची, तेही त्याच कागदावर हवं.