लुई सोळाव्याच्या शैलीतील शृंगारमेज: जडणकाम उत्तम, किंमत चढी

पॅरिसलगतच्या सँ-तुआँच्या जुन्या बाजारात घेतलेले हे शृंगारमेज फ्रान्सचा राजा लुई सोळावा याच्या कारकिर्दीतले (१७७४–१७९२) नसून त्या शैलीत १९व्या शतकात घडवलेले आहे, आणि विक्रेत्याने तसे पावतीवर स्पष्ट लिहून दिले, ही बाब मला महत्त्वाची वाटते. सरळ, निमुळते पाय आणि तीन भागांत उघडणारे झाकण, ज्याचा मधला भाग उचलताच आरसा उभा राहतो, ही ठेवण नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेवर बेतलेल्या, वळणाची आहे. खरी श्रीमंती मात्र जडणकामात आहे: गुलाबी छटेच्या ट्यूलिपवुडच्या पातळ पापुद्र्यात जांभळट अमरंथ लाकडाच्या पट्ट्या इतक्या काटेकोरपणे बसवल्या आहेत की सांध्यावर नखही अडकत नाही. आरशाचा पारा कडेने उडाला आहे; तो मी तसाच ठेवणार आहे. उजव्या खणाजवळ पापुद्रा सुटू लागल्यामुळे किंमत थोडी कमी हवी होती.