झेड ड्राइव्हवर १०.९ टीबी दिसलं तेव्हाच कळायला हवं होतं

अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ आमचं टॉवेल-चादरीच्या जकार्ड, म्हणजे विणतानाच उमटणाऱ्या नक्षीच्या, डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. सहा मुलं संगणकावर बसतात. कारखानदार नमुना देतात, आम्ही मागावर चालेल अशी फाइल बनवून देतो. अकरा वर्षांची डिझाइनं एका जुन्या पीसीवर पडून होती आणि तो दर उन्हाळ्यात आचके द्यायचा. म्हणून गेल्या दिवाळीआधी ओळखीतून एका सर्व्हरवाल्याला बोलावलं. त्याचं नाव लिहीत नाही, मोह मात्र फार होतो.

त्याचं बोलणं ऐकायला गोड होतं. तीन सर्व्हर, प्रत्येकात ४ टीबीची डिस्क, वर ग्लस्टर नावाचं सॉफ्टवेअर. सगळ्यांना मिळून एकच झेड ड्राइव्ह दिसणार आणि प्रत्येक फाइल तिन्हीकडे राहणार. "मालक, एक मेला तरी दोन जिवंत. पोरांना पत्तासुद्धा लागणार नाही." एकूण ३,८५,००० रुपये, त्यात ४५,००० नुसत्या 'क्लस्टर लायसन्स'चे. पाडव्याला वह्यांसोबत तिन्ही सर्व्हरना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

डेमोही झाला. त्याने आपल्या पेनड्राइव्हवरचा एक व्हिडिओ झेड ड्राइव्हवर टाकला, तिसऱ्या सर्व्हरची नेटवर्कची वायर आमच्या डोळ्यांदेखत उपटली आणि व्हिडिओ लावला. चालला की! पोरांनी टाळ्या वाजवल्या. वायर परत लावून त्याने ड्राइव्हची जागा दाखवली, १०.९ टीबी. मी इतका खूश झालो की मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

मेमध्ये, सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, एका दुपारी दुसरा सर्व्हर बंद पडला. दोन आहेत ना, म्हणून मी निवांत होतो. तासाभरात पोरं एकेक करून उठून यायला लागली. फोल्डर सगळे जागेवर, पण आतल्या फाइली विरळ झालेल्या. मोराच्या काठाच्या एका टॉवेलच्या फोल्डरात नऊ फाइली होत्या, तिथे सहा. नेमकी मागावर चढवायची फाइल गायब. एका पोराला तर वेगळाच प्रकार दिसला. फाइल सेव्ह होईना, पण तीच फाइल नाव बदलून ठेवली की गुपचूप सेव्ह व्हायची. भूतबाधा म्हणावी तर सर्व्हरला हळदकुंकू आधीच लावलेलं!

माझा भाचा पुण्यात सर्व्हरचंच काम करतो. त्याने फोनवरून आत शिरून 'ग्लस्टर व्हॉल्यूम इन्फो' एवढी एकच आज्ञा दिली. टाइपसमोर 'रेप्लिकेट' हवं होतं, होतं 'डिस्ट्रिब्यूट'. म्हणजे तीन प्रती नव्हत्याच. फाइलच्या नावावरून हिशोब होतो आणि ती तीनपैकी कुठल्या तरी एकाच डिस्कवर जाते. फोल्डर मात्र तिन्हीकडे तयार होतात, म्हणून ते शाबूत दिसत होते. नाव बदललं की फाइल जिवंत डिस्कच्या वाट्याला यायची, म्हणून सेव्ह व्हायची. ग्लस्टरमध्ये डिस्कवरच्या अशा एकेका जागेला ब्रिक म्हणतात. विटा माझ्याकडे तीन होत्या खऱ्या, पण एकावर एक रचलेल्या नव्हत्या.

भाच्याने मग विचारलं, "मामा, ड्राइव्हवर जागा किती दिसायची?" मी म्हणालो, १०.९. तो थोडा वेळ गप्प राहिला. "चारच्या तीन डिस्क आणि प्रत्येक फाइल तीनदा ठेवायची, तर एकूण जागा एकाच डिस्कएवढी दिसली पाहिजे. चारची डिस्क विंडोजवर दिसते साधारण ३.६." म्हणजे सात महिने पुरावा माझ्या मोबाइलात होता.

व्हॉल्यूम, म्हणजे तिन्ही डिस्क जोडून होणारा तो एक ड्राइव्ह, बनवताना 'रेप्लिका ३' हे दोन शब्द टाकले नाहीत तर ग्लस्टर आपोआप डिस्ट्रिब्यूट बनवतो. त्यामुळे अज्ञान म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण तो डेमो आठवला. व्हिडिओ त्याचा, वायर कुठली काढायची तेही त्यानेच ठरवलेलं. माझ्या जुन्या पंधरावीस फाइली उघडायला सांगितल्या असत्या तर तिथेच बिंग फुटलं असतं. पुढे भाच्याने उरलेल्या दोन डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट काढला. डिस्क किती तास चालली याची नोंद ती स्वतःच ठेवते, ती त्यात दिसते. पाडव्यापासून रात्रंदिवस चालल्या तरी पाच हजारांच्या आत तास भरायला हवे होते. दोन्हीवर ३४ हजारांच्या पुढे. वर्षाचे तास होतात ८,७६०, म्हणजे 'नवीन' म्हणून दिलेल्या डिस्क आधी कुठे तरी तीन वर्षांहून जास्त राबून आलेल्या. आणि लायसन्स? ग्लस्टर मोफत आहे, कुणीही उतरवून घ्यावं. रेड हॅट या कंपनीचं ग्लस्टरवरचं, पैसे घेऊन आधार देणारं उत्पादन होतं, तेही ३१ डिसेंबर २०२४ ला संपलं. माझं बिल त्यानंतरचं.

त्याला फोन केला तर म्हणतो, "मालक, तुम्हालाच जागा जास्त पाहिजे होती ना?"

वकिलांनी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेल्या मालावर ग्राहक आयोगात जाणं सोपं नाही. स्वतःच्या पोटापाण्याचा स्वयंरोजगार असेल तर वाव आहे, पण सहा पगारी माणसं ठेवून ते पटवायचं कसं? बिलावर 'तीन प्रती' असं लिहिलेलं आहे, त्याच्या जोरावर नोटीस पाठवली आहे.

मेलेली डिस्क घेऊन मी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. बऱ्याच फाइली परत आल्या, काही नाहीत. मोराचा काठ आम्ही कारखान्यातून टॉवेल आणून, भिंगाखाली धागे मोजून पुन्हा काढला. त्याला चार दिवस लागले.

आता नव्या डिस्कवर भाच्याने खरी तीन प्रतींची मांडणी केली आहे. शिवाय रोज रात्री वेगळ्या डिस्कवर बॅकअप निघतो, कारण चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींमधून एकदमच जाते. ड्राइव्हवर ३.६ दिसतं.

सर्व्हरवाल्याचे एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभालीचे, १८,००० मी दिलेले नाहीत. दर सोमवारी त्याचा मेसेज येतो, "मालक, पेमेंट बाकी." मी उत्तरात पाडव्याचा तो फोटो पाठवतो.