रोबो-सल्लागार की माणूस?

पैसे गुंतवायला रोबो-सल्लागार (प्रश्नावलीवरून आपोआप गुंतवणूक करणारं ॲप) घ्यावा की माणूस, या कात्रीत मैत्रीण सापडली आहे, म्हणून लिहिते.

खर्चात रोबो सरळ पुढे. त्याची फी वर्षाला साधारण ०.२५ टक्के, माणसाची १ टक्क्याच्या आसपास. म्हणजे एका लाखावर २५० की १,०००, आणि तेही दरवर्षी.

मेहनत? रोबोची प्रश्नावली भरली की झालं.

खरी गोम विश्वासात आहे. बाजार कोसळला की रोबो शेअर-रोख्यांचं प्रमाण निमूटपणे पुन्हा जुळवतो, पण रात्री अकराला थरथरत्या बोटाने ‘विका’ दाबणाऱ्याला “थांब” म्हणणारा ओळखीचा आवाज त्याच्याकडे नसतो. घटस्फोट, वारसाहक्क, आईचं आजारपण हेही प्रश्नावलीत मावत नाही.

दरमहा थोडं गुंतवणाऱ्या, न डगमगणाऱ्याला रोबो पुरेसा. पैशांत नाती गुंतली असतील तर माणूसच बघावा. मात्र कमिशनवर जगणारा नव्हे, फी घेणारा.